बारावी पास ट्रेनर आणि लॉगफ्रेमवाला पोरगा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव छापू नका म्हणाल्यात. वय ४७, शिक्षण बारावी, गेली २१ वर्षं एकाच छोट्या संस्थेत. सुरुवात बायकांचे बचत संघ बांधण्यापासून झाली, आता संस्थेचं फिल्डचं सगळं काम त्याच बघतात. बेळगावातल्या एका नेटवर्कने त्यांना विचारलंय की बेळगाव, धारवाड आणि पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडमधल्या छोट्या संस्थांच्या पंचवीसेक प्रमुखांसाठी वर्षभराचा कोर्स काढतोय, विषय दोन, संस्थेचं मॅनेजमेंट आणि अ‍ॅडव्होकसी (म्हणजे लोकांच्या मागण्यांचा पाठपुरावा), तर तुम्ही ट्रेनर म्हणून या, दिवसाला ३,००० रुपये देऊ. बाकीचे ट्रेनर पुणे-बेंगळूरचे. ट्रायलला एक सेशन घेतलं तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मोठी डिग्री झालेल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, या कामाचं लॉगफ्रेम काय होतं?" (लॉगफ्रेम म्हणजे फंडवाल्यांचा कामाच्या आखणीचा तक्ता.) ताई गप्प, मागे दोघं-तिघं हसली. त्यात त्यांच्या संस्थेचे सेक्रेटरी म्हणतात, आपल्या युक्त्या दुसऱ्याला कशाला शिकवायच्या, उद्या फंड तेच नेतील. कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही, इंग्रजीचं तर नावच नको. "नकार कळवू, की आधी मुक्त विद्यापीठातून बीए, मग एमएसडब्ल्यू करून मग बघू?" असा प्रश्न आहे.

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या पोराचा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की प्रश्न त्याचा बरोबरच होता की, चुकले ते हसणारे, आणि थोडं तुमचंही चुकलं, कारण तुम्ही गप्प बसलात. "हा शब्द मला माहीत नाही बाबा, तू सांग बघू" एवढं म्हटलं असतं तर पुढचा अर्धा तास मस्त गेला असता. पण होतं असं, माझं तर याहून वाईट झालंय, सांगते पुढे.

आधी डिग्रीचं. बीएला तीन वर्षं, एमएसडब्ल्यूला दोन, म्हणजे ५२ व्या वर्षी तुम्ही तयार होणार आणि कोर्स सुरू होतोय यंदा. शिकायची हौस असेल तर जरूर करा, पण शिकवायचं लायसन्स म्हणून करू नका. मी ज्या डिग्रीवाल्या ट्रेनरांबरोबर काम केलं त्यातले चांगले होते ते काही डिग्रीमुळे चांगले नव्हते आणि रटाळ होते तेही डिग्रीमुळे रटाळ नव्हते.

आता दुसरी बाजू, ही कदाचित आवडणार नाही. पत्रात तीन ठिकाणी तुम्ही लिहिलंय "माझ्याकडे २१ वर्षांचा अनुभव आहे". आहेच, कोण नाही म्हणतंय. पण अनुभव असणं वेगळं आणि तो दुसऱ्याच्या हातात देता येणं वेगळं. आपल्याकडे मांडे करणारी बाई असते ना, तिला विचारा कणीक किती सैल हवी, ती म्हणणार "हाताला कळतंय की ओ". तिच्या हाताला कळतंय, समोरचीच्या हाताला कसं कळणार? ती समोरची तीन मांडे फाडून घरी जाते आणि आयुष्यभर विकतचे आणते. जुन्या कार्यकर्त्यांच्या ट्रेनिंगमध्ये नेमकं हेच होतं, आपण "आम्ही असा मोर्चा नेला, साहेब असे घाबरले" सांगत सुटतो, लोक टाळ्या वाजवतात, जेवतात, जातात, आणि सोमवारी ऑफिसात बसल्यावर त्यांना कळत नाही की पहिला कागद कुठला लिहायचा. तुमच्या ट्रायल सेशनमध्ये किती वेळ गोष्ट चालली आणि किती वेळ लोकांच्या हातात काही काम होतं, हे एकदा आठवून बघा. मला संशय आहे की त्या पोराने लॉगफ्रेम विचारलं ते वाकड्यात शिरायला नव्हे तर त्याला धरायला काहीतरी हवं होतं, आणि त्याच्याकडे धरायला तेवढा एकच शब्द होता.

माझी फजिती सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी हुक्केरीकडे बायकांचं एक शिबिर होतं, मी तेव्हा नुकती पुण्याहून ट्रेनरचा कोर्स करून आलेली, फॉर्मात, तिथल्याच नोट्स घेऊन उभी राहिले आणि तासभर ग्रामसेवक, बीडीओ, धर्मादाय आयुक्त असं सगळं समजावलं. शेवटी पुढे बसलेली एक आजी म्हणाली, "बाई, हे सगळं आमच्या सुनेच्या माहेरला, कागलला आहे, इथे नाही." हॉल हसला आणि मीही हसले, करते काय. इथे कर्नाटकात पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तालुक्याला ईओ (कार्यकारी अधिकारी), कायदा १९९३ चा कर्नाटकाचा, त्यात ग्रामसभेच्या खाली वॉर्डसभासुद्धा आहे, आणि मी तासभर शेजारच्या महाराष्ट्राचा कारभार शिकवत होते. मराठीत बोलले म्हणजे मराठी बायकांना उपयोगी पडलं असा माझा समज होता.

म्हणून सांगते, त्या नेटवर्कला तुम्ही का हव्या आहात याचं उत्तर इथे आहे. पुण्याचा माणूस येऊन चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलले की द्यायचा कागद) आणि धर्मादाय आयुक्त शिकवणार, ते चंदगडवाल्यांना लागू. खानापूर-बैलहोंगलच्या बहुतेक संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी कायद्याखाली, त्यांना दरवर्षी कमिटीची यादी आणि ताळेबंद निबंधकाकडे द्यायचा असतो आणि निम्म्या संस्था तेच विसरतात, मग सीएसआरवाल्याने, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपनीने कागद मागितले की पळापळ. बेंगळूरचा माणूस कायदा इथला सांगेल पण तो सांगणार इंग्रजीत. दोन्ही राज्यांची माणसं एका हॉलमध्ये बसणार असतील तर फळ्यावर मधोमध रेघ मारून इकडे काय, तिकडे काय लिहू शकेल असं माणूस हवं, आणि आयुष्यभर या रेघेवर राहिलेल्या बाईइतकं ते कोणाला जमणार? सरकारी सेवा वेळेत मिळण्याचा कायदा बघा, इथे सकाल, २०११ चा (पेपरवाला सकाळ नव्हे), तिकडे सेवा हक्क, २०१५ चा. सकालमध्ये अर्ज दिला की १५ आकडी नंबर मिळतो, मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम चहापाण्याची, पण तो नंबर काउंटरवर मोठ्याने वाचून दाखवला की क्लार्कचा आवाज कसा बदलतो ते तुम्ही पाहिलं असणार.

आता ते लॉगफ्रेम. दोन संध्याकाळींचं काम आहे, घाबरू नका. हा तक्ता १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेसाठी बनवला, पुढे सगळ्या फंडवाल्यांनी उचलला. आडव्या ओळींत आपण काय करणार, त्यातून हातात काय येणार, त्याने काय बदलणार आणि शेवटी कशासाठी हे सगळं. उभे रकाने चार, एकात काम, दुसऱ्यात ते झालं हे कशावरून मोजणार, तिसऱ्यात पुरावा कुठे सापडेल, आणि चौथ्यात गृहीतकं, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या गोष्टी. पहिले तीन रकाने तो पोरगा तुमच्यापेक्षा छान भरेल. चौथा तुम्ही भरायचा. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैमध्ये मीटिंग ठेवली तर पावसाने कोण येणार, भातलावणीत बायका संघाला बसणार का, पीडीओची बदली झाली तर ठराव कोण पुढे नेणार. फंडवाल्यांच्या फाइलींत मी हा रकाना "वातावरण अनुकूल राहील" असा भरलेला इतक्या वेळा पाहिलाय की हसू येतं. त्याला हॉलमध्येच विचारा, "बाळा, चौथ्या रकान्यात काय लिहिलंस?" दोघं मिळून भरा. पुढच्या वेळी कोणी हसणार नाही.

अ‍ॅडव्होकसी या शब्दाचंही असंच. कोणी जनवकिली म्हणतं, आपल्या भाषेत पाठपुरावा. लोकांना वाटतं मोर्चा, माइक, निवेदन देतानाचा फोटो. तुम्हाला माहितीय की त्यातला बराचसा भाग म्हणजे कागद. तुमच्या संस्थेत जुन्या अर्जांची एखादी पत्र्याची ट्रंक असणार, सगळ्या संस्थांत असते, वर धूळ आणि आत झुरळाची अंडी. त्यातले चार अर्ज काढा, नावांवर व्हाइटनर मारा, झेरॉक्स काढा. एक असा निवडा ज्याची सुरुवात "आम्ही गोरगरीब महिला नम्र विनंती करतो की" अशी दीड पान चालते आणि शेवटच्या ओळीत रस्ता, पाणी, बस तिन्ही एकदम मागितलंय. दुसरा चार ओळींचा, मागणी एकच, खाली चाळीस सह्या-अंगठे, पण तारीखच नाही. तिसरा चुकीच्या दारात गेलेला, बसची मागणी डेपो मॅनेजरऐवजी तहसीलदाराला. चौथ्यावर तारीख, विषय, मागणी, कोणत्या नियमाने मागतोय ते, आणि वरच्या कोपऱ्यात आवक नंबरचा निळा शिक्का. पाच-पाच जणांच्या टोळ्या करा, चारही कागद टेबलावर टाका आणि विचारा, यातल्या कुठल्या अर्जाचं उत्तर आलं असेल? आणि मग तुम्ही वीस मिनिटं गप्प बसा, हे सगळ्यात अवघड आहे, तोंड आवळून बसा. ते भांडतील, शिक्क्यावर बोट ठेवतील, कोणीतरी विचारेल पोच न देणाऱ्या क्लार्कचं काय करायचं, तिथे तुमची गोष्ट सांगा, दोन मिनिटांची. रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं का, की तिथेच पायरीवर बसला होतात ते.

आणि हरलेली एक केस नक्की घ्या. जिंकलेल्या केसवर लोक टाळ्या वाजवतात पण हरलेलीवर प्रश्न विचारतात.

मॅनेजमेंटसाठीही तसंच. पीपीटी नको. एका महिन्याची खोटी व्हाउचरं तयार करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून द्या आणि म्हणा कॅशबुक लिहा. त्यात एक बिल बिनसहीचं, एक चहाचं बिल ऑफिस बंद असलेल्या रविवारचं, एक १२,००० चं पेमेंट रोखीने, एका दिवसाचा जीपचा खर्च दोनदा. कोण काय पकडतं ते बघा. धर्मादाय संस्थेने एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत हे अध्यक्षांना माहीत नसतं, अकाउंटंट पोरीला माहीत असतं पण ती बोलत नाही. हा प्रश्न मॅनेजमेंटचा आहे बघा, कायद्याचा नाही. म्हणून नेटवर्कला सांगा प्रत्येक संस्थेतून दोघं बोलवा, एक प्रमुख आणि एक हिशेब लिहिणारं माणूस. एकटा प्रमुख शिकून जातो, परत गेल्यावर त्याचं कोणी ऐकत नाही किंवा तो कोणाला सांगत नाही, आणि सर्टिफिकेट घेऊन दुसरीकडे नोकरी धरली तर सगळंच मुसळ केरात.

जे येत नाही ते मात्र शिकवू नका. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, परदेशी पैशातला प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आला आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला वाटणंच बंद झालं. (मोठ्या संस्था हल्ली छोट्यांना पैशाऐवजी ट्रेनिंग द्यायला इतक्या उत्सुक का, याचं अर्धं उत्तर मला तरी यातच दिसतं.) २०२१ पासून १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या नव्याने कराव्या लागल्या, सीएसआरचा पैसा घ्यायला सीएसआर-१ फॉर्म आला, आता तर आयकराचा कायदाच नवा, २०२५ चा. हे दरवर्षी हलतं. त्यासाठी अर्धा दिवस सीए बोलवा आणि तुम्ही शेजारी बसून एवढंच करा, सीए काही बोलला की लोकांना विचारा, "काय कळलं? म्हणजे सोमवारी काय करणार?" हेही ट्रेनरचंच काम आहे, आणि माझ्या मते मोठं.

भाषेचं. तुम्ही घाबरताय तितकं अवघड नाही आणि नेटवर्कवाल्यांना वाटतंय तितकं सोपंही नाही. एकाने मराठीत बोलायचं आणि दुसऱ्याने वाक्या-वाक्याला कन्नड करायचं हा प्रकार मी पाहिलाय, दुपारी तीनपर्यंत निम्मा हॉल पेंगतो. त्यापेक्षा टोळ्या मिसळून बसवा, प्रत्येक टेबलावर दोन्ही भाषा येणारा एक तरी असतोच बेळगावात, आणि दर अर्ध्या तासाने म्हणा, शेजारच्याला त्याच्या भाषेत सांगा काय झालं ते. रांगोळीने जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावला तर भाषाच लागत नाही, विहीर कुठे ते दाखवायला बोट पुरतं. लिहायसाठी कन्नड लिहिणारा जोडीदार ट्रेनर मागून घ्या, अट म्हणूनच घाला. आणि अर्जाच्या भाषेचा प्रश्न येणारच, तेव्हा हॉल तापायच्या आत दोन गोष्टी सरळ सांगा. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, तो हक्क आहे म्हणून मराठी अर्ज द्यायचा असेल तर जरूर द्या. आणि टेबलावरच्या माणसाने तो आजच वाचावा असं वाटत असेल तर मागे कन्नड प्रत स्टेपल करा. मी दोन्ही करते. माझ्या या सवयीवर दोन्हीकडचे नाराज असतात, असू देत, फाइल हलते. बॅनर छापणार असाल तर दोन्ही भाषांत छापा, नाहीतर फळ्यावर खडूने तारीख लिहा आणि सुरू करा.

सेक्रेटरींचं. त्यांच्यावर चिडू नका, संस्था चालवणाऱ्याला फंडाची भीती असतेच. पण त्यांना विचारा, आपली नेमकी कुठली युक्ती कोणी नेली तर आपलं नुकसान होईल, कागदावर लिहा. यादी होणार नाही, मला खात्री आहे. उलट कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० अडकलेत म्हणून तुम्ही एकट्या तालुक्याला गेलात तर बसा म्हणतात, आठ संस्था आठ गावांच्या याद्या एकाच नमुन्यात घेऊन गेल्या तर खुर्ची देतात. तो नमुना तुम्ही शिकवलेला असेल तर संस्थेचं नाव आपोआप होतं. तरी एक करा, कमिटीत लेखी ठराव करून घ्या की महिन्याला अमुक दिवस या कामाला जातील आणि मानधन कोणाकडे जमा होईल, तुमच्याकडे की संस्थेकडे. हे तोंडी ठेवलं की दिवाळीपर्यंत कुजबुज सुरू होते.

पैशाचं तुम्ही लाजत लाजत शेवटच्या ओळीत लिहिलंय. घ्या ओ, बिनधास्त. आणि एक दिवस शिकवायला दोन दिवस तयारी लागते, ते दोन दिवस कोण देणार हे विचारा. पुण्याच्या ट्रेनरला किती देताय हेही विचारा, प्रवासखर्च वेगळा धरून. प्रवासावरून आठवलं, बजेट करताना सांगा की कर्नाटकातल्या बायका २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसने फुकट येतात, झिरो तिकीट घेऊन, चंदगडच्या बायका एसटीने महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत अर्ध्या तिकिटात, ते वाचलेले पैसे लहान पोरांना सांभाळायला एक मावशी ठेवण्यात घाला. बायका नेतृत्वाच्या ट्रेनिंगला का येत नाहीत यावर मी अख्खी चर्चासत्रं ऐकलीत, पाळणा एकाही ठिकाणी नव्हता.

नकार द्यायची एक वेळ मात्र आहे. तुम्हाला "अनुभव कथन" म्हणून जेवणानंतरची चाळीस मिनिटं, शाल, नारळ आणि एक फोटो, आणि कोर्स काय असेल ते सगळं पुण्या-बेंगळूरच्या मंडळींनी आधीच ठरवलेलं, असं असेल तर नमस्कार करा आणि घरी या. तुम्ही ट्रेनर आहात की सजावट हे पहिल्याच मीटिंगला कळतं. कोर्स आखायच्या बैठकीला बोलावलंय का ते विचारा.

आणि एक अट तुमच्याकडून घाला. शेवटी हसऱ्या चेहऱ्यांचा फॉर्म भरून घेतात ना, तो घेऊ देत, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसाने १९५९ मध्येच लिहून ठेवलंय की ट्रेनिंग चार पायऱ्यांवर तपासायचं, आवडलं का, कळलं का, परत गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्याने कामात फरक पडला का. आपण सगळे पहिल्या पायरीवर बसून फोटो काढतो. तुम्ही ४५ दिवसांनी प्रत्येकाला फोन करा आणि एकच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागा, आवक शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो किंवा सह्या असलेल्या ठरावाचं पान. ज्याच्याकडून येणार नाही त्याच्या गावाला एसटी-बिसटी पकडून जा, तिथे काय अडलं ते बघा, पुढचं सेशन त्यावरच घ्या.

होकार कळवायच्या आधी एक तालीम करा. शेजारच्या दोन-तीन बायका आणि तो लॉगफ्रेमवाला पोरगा, हो त्यालाच, फोन करून बोलवा, ते चार अर्ज पुढ्यात टाका आणि मोबाइलमध्ये वीस मिनिटांचा गजर लावा. गजर व्हायच्या आत तुम्ही किती वेळा मध्ये बोललात ते त्याला मोजायला सांगा. आकडा मला कळवा. माझा पहिल्या वेळी चौदा होता.